मार्ग आणि मिडलवेअर : ई-व्यापाराच्या बॅकएंडमधील स्थान व क्रम यांचा विचार

संगणकाच्या जाळ्यावरून चालणाऱ्या दुकानात ग्राहक आणि दुकानदार यांची समोरासमोर गाठ पडत नाही. ग्राहकाच्या ब्राउझरकडून एक विनंती येते, सर्व्हर तिला प्रतिसाद देतो, आणि त्याबरोबर त्या दोघांचा संबंध संपतो. पुढची विनंती येते ती सर्वस्वी नव्याने. मागील विनंती कोणी केली होती ह्याची स्मृती एचटीटीपी ह्या संकेतव्यवस्थेत मुळातच नाही. यामुळे प्रत्येक विनंतीबाबत तेच प्रश्न पुनःपुन्हा उपस्थित होतात. ही विनंती कोणाची? तिने मागितलेले काम करवून घेण्याचा त्या व्यक्तीस अधिकार आहे काय? सोबत आलेला मजकूर सुसंगत आहे काय? ह्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कामाच्या आत स्वतंत्रपणे न लिहिता, कामाच्या वाटेवर एकदाच बसवून द्यावयाची जी पद्धत रूढ झाली आहे, तिलाच मार्गावर मिडलवेअर बसविणे असे म्हणतात. ह्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्या मर्यादा ही दोन्ही मिडलवेअरच्या स्थानातून कशी उद्भवतात, ह्याचे विवरण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. संज्ञेचा इतिहास

‘मिडलवेअर’ ही संज्ञा वाटते तितकी अर्वाचीन नाही. १९६८ साली जर्मनीतील गार्मिश येथे सॉफ्टवेअर-अभियांत्रिकीविषयी जी परिषद भरली, तिच्या वृत्तान्तात हा शब्द आढळतो. यंत्राचे मूलभूत नियंत्रण करणारी प्रणाली आणि प्रत्यक्ष उपयोगाचे कार्यक्रम ह्यांच्या दरम्यान असणारा स्तर, असा त्या वेळी त्याचा अर्थ होता. पुढे निरनिराळ्या यंत्रांवरील कार्यक्रमांचा परस्परांशी संवाद घडवून आणणाऱ्या प्रणालींनाही हेच नाव मिळाले.

वेबच्या क्षेत्रात मात्र ह्या शब्दाचा अर्थ बराच संकुचित व नेमका झाला. २००३ साली पायथन भाषेकरिता सर्व्हर आणि उपयोजन यांमधील व्यवहाराचा जो संकेत मांडण्यात आला, त्यात मिडलवेअरचे दुहेरी रूप स्पष्ट केलेले आहे : सर्व्हरच्या बाजूने पाहिल्यास ते उपयोजनासारखे वागते, आणि उपयोजनाच्या बाजूने पाहिल्यास सर्व्हरसारखे. २००७ मध्ये रुबी भाषेत ‘रॅक’ ह्या प्रणालीने हीच कल्पना स्वीकारली. जावास्क्रिप्ट भाषा सर्व्हरवर चालविणारी ‘नोड’ ही प्रणाली २००९ मध्ये आली, आणि २०१० मध्ये तिच्यावर आधारलेली ‘एक्सप्रेस’ ही चौकट पुढे आली. पीएचपी भाषेतील ‘लाराव्हेल’ ह्या चौकटीने २०१५ मध्ये, आपल्या पाचव्या आवृत्तीत, पूर्वीच्या ‘फिल्टर’ ह्या योजनेच्या जागी मिडलवेअरची योजना आणली. भाषा निरनिराळ्या असल्या तरी मूळ कल्पना एकच आहे. पुढील विवेचन एक्सप्रेसच्या आधाराने केले आहे; कारण तेथे ह्या कल्पनेचे रूप सर्वांत उघडे दिसते.

२. यंत्रणेचे स्वरूप

एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर म्हणजे एक साधे फंक्शन होय. त्याच्या हाती तीन गोष्टी दिल्या जातात : आलेली विनंती, पाठवावयाचा प्रतिसाद, आणि ‘नेक्स्ट’ नावाचे एक फंक्शन. मिडलवेअरने विनंती पाहावी, तिच्यात काही भर घालावी, आणि नंतर दोहोंपैकी एक गोष्ट करावी : एक तर स्वतः प्रतिसाद देऊन प्रवास तेथेच संपवावा, अथवा ‘नेक्स्ट’ला पाचारण करून विनंती पुढच्याच्या स्वाधीन करावी. ह्यांपैकी काहीच केले नाही, तर विनंती खोळंबून राहते आणि ग्राहकाच्या पडद्यावर कालमर्यादा संपेपर्यंत काहीच उमटत नाही. उलट दोन्ही गोष्टी केल्या, तर पुढचे फंक्शन एकदा दिलेला प्रतिसाद पुन्हा देऊ पाहते आणि दोष उत्पन्न होतो. नवशिक्यांच्या बहुसंख्य चुका ह्या दोन प्रकारांत मोडतात.

ही फंक्शने ज्या क्रमाने घोषित केली असतील, त्या क्रमाने एका यादीत मांडली जातात. विनंती आली म्हणजे ती यादी वरून खाली वाचली जाते, आणि ज्यांचा मार्ग व रीत विनंतीशी जुळते ती एकामागून एक चालविली जातात. यादीच्या अखेरीस, मार्गाचे मूळ काम करणारे जे फंक्शन असते, त्यास हँडलर म्हणतात. वस्तुतः एक्सप्रेसच्या दृष्टीने हँडलर व मिडलवेअर यांत जातीचा भेद नाही. भेद आहे तो केवळ स्थानाचा.

मिडलवेअर बसविण्याच्या जागा मुख्यतः तीन. संपूर्ण उपयोजनावर बसविल्यास ते त्याच्यानंतर घोषित झालेल्या प्रत्येक मार्गास लागू होते. विशिष्ट राउटरवर बसविल्यास त्या राउटरखालील मार्गांच्या समूहास लागू होते. एकाच मार्गाच्या घोषणेत हँडलरच्या आधी लिहिल्यास फक्त त्या मार्गापुरते लागू होते. ‘त्याच्यानंतर घोषित झालेल्या’ हे शब्द येथे विशेष ध्यानात ठेवावयास हवेत. ओळख तपासणारे मिडलवेअर एखाद्या मार्गाच्या खाली लिहिले गेले, तर त्या मार्गाचा हँडलर आधीच प्रतिसाद देऊन मोकळा होतो आणि तपासणी कधीच घडत नाही. अशा वेळी कोणताही दोष दर्शविला जात नाही. दुकान पूर्ववत् चालू राहते. फक्त एक दार उघडे असते.

३. एका ग्रंथविक्रीच्या दुकानाचे उदाहरण

समजा, ग्रंथविक्रीचे एक दुकान आहे आणि त्याच्या बॅकएंडला पाच प्रकारचे मार्ग आहेत : ग्रंथसूची पाहण्याचा, कार्टमध्ये ग्रंथ ठेवण्याचा, ऑर्डर नोंदविण्याचा व पाहण्याचा, पेमेंट गेटवेकडून येणारी सूचना स्वीकारण्याचा, आणि व्यवस्थापकाने किंमत व साठा बदलण्याचा. ग्रंथसूची सर्वांना खुली असते. कार्ट पाहुण्यासही वापरता आली पाहिजे. ऑर्डरीकरिता ग्राहकाची ओळख अवश्य आहे. व्यवस्थापनाच्या मार्गास ओळखीबरोबर विशिष्ट अधिकारही हवा. गेटवेच्या सूचनेमागे मात्र कोणी ग्राहक नसतोच. तेथे ओळख पटवावयाची ती एका यंत्राची. यावरून दिसून येईल की, एकच तपासणी सर्व मार्गांवर सरसकट बसविणे शक्य नाही.

क्रमाचा प्रश्न ह्याहून सूक्ष्म आहे. दुकानाचे पृष्ठ एका स्थानावरून व बॅकएंड दुसऱ्या स्थानावरून चालत असल्यास, ब्राउझर मूळ विनंतीपूर्वी एक प्राथमिक चौकशी पाठवितो आणि अशी विनंती करण्यास मुभा आहे काय, हे विचारतो. ह्या चौकशीसोबत ग्राहकाची ओळखपत्रे नसतात. ओळखीची तपासणी ह्या चौकशीस उत्तर देणाऱ्या मिडलवेअरच्या आधी ठेवली, तर ओळख नाही म्हणून चौकशीच नाकारली जाते, आणि वैध ग्राहकाची खरी विनंती ब्राउझरबाहेर पडतच नाही. दोन्ही मिडलवेअर आपापल्या परीने निर्दोष असतात. दोष असतो तो त्यांच्या क्रमात.

लॉगिनच्या मार्गाचीही हीच गोष्ट आहे. परवलीचा शब्द पडताळण्यासाठी जी गणिते वापरतात, ती हेतुतः संथ केलेली असतात, म्हणजे चोरट्यास लक्षावधी शब्द झटपट पडताळून पाहता येऊ नयेत. परंतु ह्याच संथपणामुळे प्रत्येक प्रयत्नास सर्व्हरचा वेळ खर्ची पडतो. म्हणून ठरावीक अवधीतील प्रयत्नांची संख्या मर्यादित करणारे मिडलवेअर पडताळणीच्या आधी असले पाहिजे. नंतर ठेवल्यास ज्या खर्चापासून वाचावयाचे, तो आधीच होऊन चुकलेला असतो. ही मोजणी विनंती कोठून आली त्या पत्त्यावर केली जाते. सर्व्हरपुढे एखादा मध्यस्थ सर्व्हर असेल, तर सर्वच विनंत्या त्या एका पत्त्यावरून आल्यासारख्या दिसतात. आणि मूळ पत्ता सांगणाऱ्या हेडरवर सरसकट विश्वास ठेवावा, तर तो हेडर खोटा लिहून पाठविणे कोणासही शक्य असते. किती मध्यस्थांवर विश्वास ठेवावयाचा, हे म्हणूनच उपयोजनास स्पष्टपणे सांगावे लागते.

४. पेमेंट-सूचनेचा मार्ग

क्रमाच्या चुकीचे सर्वांत शोचनीय परिणाम पेमेंट-सूचनेच्या मार्गावर घडतात. ग्राहकाने पैसे भरले म्हणजे गेटवे दुकानाच्या सर्व्हरकडे तशी सूचना पाठवितो. तिला वेबहुक म्हणतात. हा मार्ग जाळ्यावर उघडा असल्यामुळे सूचना खरी की बनावट, हे ठरविण्यासाठी गेटवे आणि दुकान यांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीने सूचनेच्या मजकुरावर एक स्वाक्षरी केलेली असते. रेझरपे, स्ट्राइप इत्यादी गेटवे याकरिता एचमॅक ही पद्धत वापरतात. सर्व्हरने तीच गणना स्वतः करावी आणि दोन्ही फले जुळल्यासच सूचना खरी मानावी, अशी अपेक्षा असते.

आता ही गणना मजकुराच्या प्रत्येक बाइटवर अवलंबून असते. बहुतेक उपयोजनांत जेसॉन मजकूर वाचून त्याची वस्तू बनविणारे मिडलवेअर अगदी आरंभी, सर्व मार्गांकरिता बसविलेले असते. सूचना त्यातून गेली म्हणजे मूळ बाइट संपतात, कारण विनंतीचा प्रवाह एकदाच वाचता येतो. हाती उरते ती तिच्यापासून बनविलेली वस्तू. तिचे पुन्हा मजकुरात रूपांतर केले असता अर्थ तोच राहतो, परंतु मोकळ्या जागा बदलतात, ‘४९९.००’ ह्या संख्येचे ‘४९९’ होते, आणि देवनागरी नावांचे सांकेतिक लेखनही निराळे होऊ शकते. परिणामी खऱ्या सूचनेचीही स्वाक्षरी जुळत नाही.

ह्या टप्प्यावर मोठा मोह उत्पन्न होतो. ग्राहकांनी पैसे भरलेले आहेत, ऑर्डरी अडून बसल्या आहेत, आणि पडताळणी मात्र प्रत्येक खरी सूचना नाकारीत आहे. तेव्हा पडताळणीच तात्पुरती काढून टाकावी, असे वाटू लागते. ती काढली की त्या मार्गाचा पत्ता ज्यास कळला, त्यास एक पैसाही न भरता ‘पैसे मिळाले’ अशी सूचना पाठविता येते, आणि दुकान मुकाट्याने माल रवाना करते. वास्तविक उपाय सोपा आहे. सूचनेच्या मार्गाकरिता मूळ बाइट जसेच्या तसे देणारे वाचक-मिडलवेअर, सार्वत्रिक जेसॉन-वाचकाच्या आधी घोषित करावे. अथवा एक्सप्रेसच्या जेसॉन-वाचकातच ‘व्हेरिफाय’ नावाची जी सोय आहे, तिच्या साहाय्याने मूळ बाइट जपून ठेवावेत. पडताळणीत उणेपणा नव्हता. ती चुकीच्या जागी उभी होती.

५. मिडलवेअरला काय कळू शकत नाही

येथवर क्रमाचा विचार झाला. परंतु मिडलवेअर योग्य क्रमाने बसविल्यावर सर्व प्रश्न सुटतात, असे समजणे घातक ठरेल. हँडलरच्या आधी असणे हे मिडलवेअरचे वैशिष्ट्य; आणि त्याची मर्यादाही तीच.

ऑर्डर पाहण्याचा मार्ग घेऊ. ओळख-तपासणीचे मिडलवेअर एवढेच सांगू शकते की, विनंती करणारी व्यक्ती दुकानाची नोंदलेली ग्राहक आहे. मात्र १०४३ क्रमांकाची ऑर्डर त्याच ग्राहकाची आहे काय, हे विनंतीवरून कळत नाही. ते माहितीसंग्रहात पाहिल्यावाचून कळणार नाही. संपूर्ण उपयोजनावर बसविलेल्या मिडलवेअरला तर मार्गातील क्रमांकही दिसत नाही, कारण मार्ग अजून जुळलेलाच नसतो. ह्या तपासणीचा विसर पडल्यास कोणताही ग्राहक क्रमांक बदलून दुसऱ्याचे नाव, पत्ता व खरेदी पाहू शकतो. ओवॅस्प ह्या संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एपीआय-सुरक्षेच्या याद्यांत, २०१९ आणि २०२३ ह्या दोन्ही वर्षी, नेमक्या ह्याच दोषास पहिले स्थान दिलेले आहे. ह्यावरचा निर्वाळा प्रश्नातच घालणे श्रेयस्कर : ‘ह्या क्रमांकाची ऑर्डर’ असे न विचारता ‘ह्या क्रमांकाची आणि ह्या ग्राहकाची ऑर्डर’ असे माहितीसंग्रहास विचारावे. अशी ऑर्डर न मिळाल्यास ४०३ ऐवजी ४०४ हा संकेत द्यावा, म्हणजे ती अस्तित्वात आहे की नाही हेही परक्यास कळत नाही. एचटीटीपीच्या २०२२ सालच्या प्रमाणलेखात ह्या रीतीस स्पष्ट मुभा आहे.

साठ्याचा प्रश्न ह्याहून बोधप्रद आहे. एखाद्या ग्रंथाची शेवटची प्रत उरली आहे आणि दोन ग्राहक एकाच क्षणी ऑर्डर देतात. साठा तपासण्याचे काम मिडलवेअरकडे दिले असेल, तर दोन्ही विनंत्यांना ‘एक प्रत शिल्लक आहे’ असेच उत्तर मिळते, दोन्ही पुढे जातात, आणि एक प्रत दोघांना विकली जाते. तपासणी व कृती यांत कितीही अल्प अंतर असले, तरी त्या अंतरात वस्तुस्थिती बदलू शकते. साठा कमी करण्याची आज्ञाच सशर्त असली पाहिजे : शिल्लक पुरेशी असेल तरच ती घटवावी, आणि हे सर्व माहितीसंग्रहाच्या एकाच व्यवहारात व्हावे. एकच पेमेंट-सूचना दोनदा येण्याबाबतही हेच लागू पडते. गेटवे सूचना पुन्हा पाठवू शकतो. म्हणून सूचनेचा क्रमांक अनन्य असण्याचे बंधन माहितीसंग्रहावर घालावे, मिडलवेअरच्या स्मृतीवर विसंबू नये.

किमतीचेही तसेच आहे. विनंतीत मागितलेल्या प्रतींची संख्या धन पूर्णांक आहे काय, पत्त्याचे रकाने भरले आहेत काय, एवढे मजकूर तपासणाऱ्या मिडलवेअरने अवश्य पाहावे. परंतु ब्राउझरने पाठविलेली किंमत खरी आहे काय, हा प्रश्नच उपस्थित होऊ देऊ नये. ती ऑर्डर नोंदविताना संग्रहातूनच घ्यावी.

यावरून एक कसोटी हाती लागते. जे विनंतीवरूनच ठरते आणि तिच्या प्रवासात बदलत नाही, ते मिडलवेअरने ठरवावे. जे संग्रहातील वस्तुस्थितीवर अवलंबून आहे आणि क्षणाक्षणास बदलू शकते, ते जेथे बदलते तेथेच ठरवावे.

६. एकाच तपासणीवर विसंबण्यातील धोका

मार्च २०२५ मध्ये ‘नेक्स्ट.जेएस’ ह्या लोकप्रिय चौकटीतील एक दोष प्रसिद्ध झाला. सीव्हीई-२०२५-२९९२७ असा त्याचा क्रमांक. चौकटीच्या अंतर्गत उपविनंत्यांनी पुनःपुन्हा मिडलवेअरमध्ये शिरून अनंत फेरा सुरू होऊ नये, म्हणून अशा विनंत्यांवर एक विशिष्ट हेडर लावण्याची योजना होती. तोच हेडर बाहेरच्या कोणी आपल्या विनंतीवर लावून पाठविला, तर सर्व्हर ती अंतर्गत विनंती समजून मिडलवेअर वगळीत असे. ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर उपयोजन चालविले होते आणि अधिकाराची तपासणी केवळ मिडलवेअरमध्ये ठेविली होती, त्यांचे संरक्षित मार्ग त्यामुळे उघडे पडले. १५.२.३ आणि १४.२.२५ ह्या आवृत्त्यांत दोष दूर करण्यात आला. परंतु ज्या उपयोजनांत माहितीसंग्रहाजवळही अधिकार पुन्हा तपासला जात होता, तेथे मिडलवेअर वगळले गेले तरी माहिती हाती लागली नसती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

असाच प्रसंग लहान प्रमाणावर कोणत्याही उपयोजनात उद्भवू शकतो. एक्सप्रेस मार्ग जुळविताना रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे सामान्यतः एकच मानते. तपासणी राउटरवर न बसविता, एखाद्याने सार्वत्रिक मिडलवेअरमध्ये विनंतीचा मार्ग स्वतः अक्षरशः ताडून पाहिला, तर मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘अॅडमिन’चा मार्ग त्या तुलनेत जुळत नाही, पण पुढे राउटरला मात्र जुळतो. तपासणी टळते व काम होते. म्हणून मार्ग जुळविण्याचे काम राउटरवरच सोपवावे, आणि तपासणी त्याच्याच अंगभूत करावी.

७. दोष आणि नोंदी

दोषनिवारणाचे मिडलवेअर चार गोष्टी स्वीकारते. त्यांपैकी पहिली म्हणजे प्रत्यक्ष दोष. ह्या चार संख्येवरूनच एक्सप्रेस त्यास ओळखते. हे सर्व मार्गांच्या शेवटी असावयास हवे, कारण दोष वरून खालीच वाहतो. चौथ्या आवृत्तीत विलंबाने पूर्ण होणाऱ्या फंक्शनांतील दोष आपोआप येथवर पोहोचत नसे. तो ‘नेक्स्ट’च्या हाती स्वतः द्यावा लागे. २०२४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत ही उणीव भरून निघाली आहे. नोंद ठेवणारे मिडलवेअर उलटपक्षी सर्वांच्या आधी असावे, म्हणजे नाकारलेल्या विनंत्यांचीही नोंद होते. मात्र विनंतीचा मजकूर सरसकट नोंदवू नये, कारण परवलीचे शब्द अशाच नोंदींत नकळत जमा होत असतात.

८. उपसंहार

मार्गावर मिडलवेअर चढविणे हे लिहिण्याच्या दृष्टीने एका ओळीचे काम आहे, आणि त्यामुळेच त्याकडे उपचार म्हणून पाहण्याची प्रवृत्ती वाढते. प्रत्यक्षात त्या एका ओळीचा अर्थ तिच्या वर काय आहे आणि खाली काय आहे ह्यावर ठरतो. ह्या दृष्टीने दोन सवयी उपयुक्त ठरतील. पहिली, राउटर मुळातच बंद ठेवून जे मार्ग खुले असावयाचे तेवढेच नाव घेऊन खुले करावेत. म्हणजे नवा मार्ग जोडताना विसर पडला, तरी तो बंद राहील. दुसरी, प्रत्येक मार्गाची चाचणी घेताना वैध ग्राहकास तो मिळतो हे पाहून न थांबता, ओळख नसलेल्यास, दुसऱ्या ग्राहकास आणि बनावट स्वाक्षरीस तो मिळत नाही, हेही पाहावे. वगळलेली तपासणी स्वतःहून कधीच बोलत नाही; ती शोधावी लागते. ज्या ग्राहकाने आपला पत्ता आणि आपले पैसे डोळ्यांआडच्या एका यंत्राच्या स्वाधीन केले, त्यास ह्या क्रमाविषयी काहीच ठाऊक नसते. तो योग्य राखण्याची जबाबदारी सर्वस्वी तो लिहिणाऱ्यावर येते.